'वैमानिकाची चूक' : दोन जुन्या अहवालांचें परीक्षण

विमानांतील यंत्रांच्या तबकड्यांविषयींचे अहवाल वाङ्मयाच्या मासिकांत परीक्षणासाठीं कसे आले, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल, आणि तो गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचें उत्तर इतकेंच कीं, लिहिलेलें आणि वाचलेलें यांत जें अंतर पडतें त्याचा जबाबदार कोण, लिहिणारा कीं वाचणारा, हा प्रश्न जितका टीकाशास्त्राचा तितकाच या अहवालांचाही आहे. काव्य दुर्बोध निघालें तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. तबकडी दुर्बोध निघाली तर तिच्या वाचकाला ही सोय नसते.

पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील राइट फील्ड येथील लष्करी प्रयोगशाळेतून 1947 सालीं हे दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिल्यांत विमानाच्या दांड्या व कळा चालवितांना झालेल्या 460 चुकांचें पृथक्करण आहे. दुसऱ्यांत यंत्रें वाचतांना व त्यांचा अर्थ लावतांना झालेल्या 270 चुकांचें. दोहोंच्याही मथळ्यांत 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत घातलेला आहे, आणि त्या चिन्हांतच लेखकांचा सारा पक्ष आला. त्यापूर्वीं अपघाताच्या कागदांत हा शब्दप्रयोग चौकशीचा शेवट म्हणून येत असे; या दोघांनीं तो चौकशीचा आरंभ केला. चूक झाली हें ठीक. पण ती अशीच कां झाली, आणि इतक्या जणांची अगदीं एकसारखीच कां झाली?

त्यांची रीत साधी आहे. स्वतः केलेली किंवा प्रत्यक्ष पाहिलेली एखादी चूक तपशीलवार सांगा, असें त्यांनीं वैमानिकांस विचारलें, आणि आलेल्या हकीकती वर्गवार लाविल्या. कळांच्या चुकांपैकीं निम्म्या एकीऐवजीं दुसरी कळ ओढल्याच्या निघाल्या. चाकांच्या दांडीऐवजीं फ्लॅपची, एका इंजिनाऐवजीं दुसऱ्याची. वाचनाच्या चुकांत सुमारें 18 टक्के चुका एकाहून अधिक कांटे असलेल्या यंत्रांच्या होत्या, आणि जवळजवळ तितक्याच दिशा उलट समजल्याच्या. नवशिका असो वा मुरलेला, जवळजवळ प्रत्येक वैमानिक अशी चूक केल्याचें कबूल करितो, हेंही लेखकांनीं स्पष्ट नोंदविलें आहे. मूठभर लोकांचा दोष हा स्वभावाचा दोष म्हणतां येईल. सर्वांचा दोष हा वस्तूचाच असला पाहिजे. सामग्री मनुष्याच्या शक्तीला अनुरूप घडविली तर यांतल्या पुष्कळ चुका टळतील, हा त्यांचा निष्कर्ष याच आधारावर उभा आहे, आणि तो आम्हांस निर्विवाद वाटतो.

यांतील सर्वांत बोलकें उदाहरण तीन कांट्यांच्या उंचीमापकाचें. एकाच तबकडीवर लांब कांटा शेंकडे फूट दाखवितो, आंखूड कांटा हजार, आणि सर्वांत लहान कांटा दहा हजार. तिन्ही वाचून मनांत बेरीज केल्यावांचून उंची कळत नाहीं. त्यांत ज्याची चूक सर्वांत महाग पडावयाची तोच कांटा सर्वांत लहान! भाषेंत असें वाक्य कोणी रचलें कीं ज्यांतला 'नाहीं' हा शब्द सर्वांत बारीक अक्षरांत छापला आहे, तर त्या लेखकाला आम्ही काय म्हटलें असतें? वॉल्टर ग्रेथर यांनीं 1949 सालीं निरनिराळ्या तऱ्हांच्या उंचीमापकांची तुलना करून दाखविलें कीं, या तबकडीवर वैमानिकांच्या सुमारें 12 टक्के वाचनांत एक हजार फूट किंवा त्याहून अधिक चूक होते व एका वाचनास सुमारें 7 सेकंद लागतात. आंकडे सरळ मांडले तर चूक एक टक्क्याहून कमी होते आणि वेळ दोन सेकंदांच्या आंत येतो.

एवढें छापून प्रसिद्ध असतांना काय झालें, तें पाहावें. 24 डिसेंबर 1958 रोजीं इंग्लंडांत ख्राइस्टचर्चजवळ चांचणीच्या उड्डाणावरील एक ब्रिटानिया विमान धुक्यांत जमिनीवर आदळलें. चालकांनीं उंची दहा हजार फुटांनीं अधिक वाचली होती. या उंचीमापकाला इष्ट असतें त्यापेक्षां अधिक लक्ष द्यावें लागतें, हें चौकशींत मान्य झालें. पण अखेरचा ठपका चालकांच्या दुर्लक्षावरच ठेवला गेला. म्हणजे ग्रंथ दुर्बोध आहे हें कबूल, तरी दोषी वाचकच!

आतां आमचे आक्षेप. पहिला असा कीं, या अहवालांत बोलतात ते सारे जगले-वांचलेले लोक आहेत. जी चूक सांगावयास कोणी उरला नाहीं ती या वर्गीकरणांत येऊंच शकत नाहीं, आणि त्यामुळें शेंकडेवारीचा अर्थ जपून केला पाहिजे. दुसरा आक्षेप ग्रेथर यांच्या प्रयोगावरही आहे, आणि तो अधिक खोल आहे. एक तबकडी पुढें ठेवून ती वाचावयास लावली म्हणजे डोळ्याची परीक्षा होते, संदर्भाची होत नाहीं. स्ट्रासबुर्गजवळ 20 जानेवारी 1992 रोजीं एक एअरबस डोंगरावर आदळून 87 माणसें मेलीं. तेथें आंकडे स्वच्छ होते. परंतु एकाच खिडकींत '3.3' म्हणजे उतरण्याचा कोन अंशांत, आणि '33' म्हणजे मिनिटास 3,300 फूट उतरण्याचा वेग, अशी योजना होती. चौकशी मंडळाला कारण निश्चित सांगतां आलें नाहीं, तथापि या दोन अर्थांचा घोटाळा झाल्याची शक्यता त्यानें प्रामुख्यानें मांडली. पुढें वेगाचा आंकडा चारही अंकांत दाखविण्याची व्यवस्था झाली. अक्षर सुवाच्य असून अर्थ दुर्बोध असूं शकतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकास नवी नाहीं.

तरी या आक्षेपांनीं अहवालांची योग्यता कमी होत नाहीं, हें आम्हांस मुंबईच्या स्मृतीनें पटविलें. 1 जानेवारी 1978 च्या रात्रीं सांताक्रूझहून दुबईस निघालेलें 'सम्राट अशोक' हें विमान वांद्र्यापुढील समुद्रांत पडलें आणि त्यांतील 213 जणांपैकीं एकही वांचला नाहीं. कप्तानासमोरचें, विमान किती कलंडलें तें दाखविणारें यंत्र बिघडून उजवीकडे झुकल्याचें दाखवीत राहिलें; बाहेर काळोख, खालीं समुद्र, डोळ्यांना दुसरें क्षितिज नाहीं. कप्तानानें तो कल दुरुस्त करण्यासाठीं विमान डावीकडे वळविलें, आणि तें वळतच गेलें. दुसरीं यंत्रें पाहून विमान सांवरतां आलें असतें, असा ठपका आला, आणि तो अगदींच निराधार नाहीं. पण 1947 च्या त्या 270 चुकांत बंद पडलेल्या यंत्रावर विसंबून राहिल्याच्या चुकांचा एक स्वतंत्र वर्गच आहे, सुमारें 9 टक्क्यांचा. खोटें बोलणारें यंत्र खऱ्या यंत्राच्याच आवाजांत बोलतें, हें एकतीस वर्षें आधीं मोजून ठेवलेलें होतें.

मनुष्यावरील जबाबदारी यानें उडून जाते, असें आम्ही म्हणत नाहीं. आळशी वाचक असतात, तसे बेफिकीर वैमानिकही असतील. परंतु वाचकाला दोष देण्यापूर्वीं पान उघडून पाहावें, हा टीकेचा पहिला धर्म आहे. फिट्स व जोन्स यांनीं तें पान उघडून पाहिलें. त्यांची भाषा रुक्ष आहे आणि कोष्टकें कंटाळवाणीं आहेत. तरी वैमानिकांनीं स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या ज्या हकीकती त्यांत दिल्या आहेत, त्यांतला कबुलीचा सरळपणा पुष्कळ आत्मचरित्रांत सांपडत नाहीं. पुढच्या वेळीं एखाद्या अपघाताच्या बातमींत 'वैमानिकाची चूक' हे शब्द दिसतील, तेव्हां वाचकांनीं मनांतल्या मनांत त्यांच्याभोंवतीं तीं अवतरणचिन्हें घालावींत आणि पुढची चौकशी मागावी, एवढीच आमची विनंती आहे.