मधलं चाक

माझ्या टेबलावर एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली, तीन डिझेल इंजिनं उभी आहेत. खोक्यांवरची नावं: डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए. पहिली दोन उघडली आणि मी वैतागलो. साचा एकच, फक्त बाजूला छापलेली अक्षरं वेगळी. एकच मॉडेल दोनदा विकलं की मला!

पण टीका करायची तर आधी खरं इंजिन नीट बघायला हवं. नावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. एम प्रवासी आणि माल दोन्हींसाठी, जी फक्त मालगाडीसाठी. ‘३ए’ म्हणजे ३१०० अश्वशक्ती. जुन्या ‘२’चा मात्र या हिशेबाशी संबंध नाही. ते इंजिन २६०० अश्वशक्तीचं. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्यावर ते १९६४पासून वाराणसीत बनू लागलं.

पुढे यातल्या कितीतरी डब्ल्यूडीएम-२ इंजिनांची पुनर्बांधणी झाली. आतलं यंत्र सुधारलं, ताकद वाढली, नाव ३ए झालं. बाहेरचं रूप जवळपास तेच राहिलं. फलाटावर उभं राहून आपण यांना ओळखतो, ते बहुतेकदा अंगावरची अक्षरं वाचूनच. म्हणजे माझा वैताग चुकीचा होता. इथे एकच साचा वापरणं ही फसवणूक नाही, तोच खरा इतिहास आहे.

गडबड तिसऱ्या खोक्यात आहे. डब्ल्यूडीजी-३एची वरची बॉडी छान उतरली आहे, पण खाली बोगी डब्ल्यूडीएम-२ची बसवली आहे. ओळखायचं कसं? चाकं बघा. जुन्या आल्को बोगीत तीन चाकांपैकी मधलं बरोबर मध्यावर नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. कारण तिच्यातल्या तीनही मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या नाहीत. डब्ल्यूडीजी-३एच्या बोगीत त्या एकाच दिशेला आहेत, त्यामुळे चाकांमधली अंतरं जवळपास सारखी होतात. जड मालगाडी ओढायला सुरुवात करताना भार चाकांवर जास्त समान राहतो आणि चाकं कमी घसरतात. मालगाडीचं इंजिन म्हणून तिची ओळख आहे ती इथे, आणि नेमकं तेच मॉडेलवाल्यांनी पुसून टाकलं.

मॉडेलच्या परीक्षणांत बहुतेक वेळा रंगाचंच कौतुक असतं. पण रंगाइतकं फसवं काही नाही. पुणे, कल्याण अशा प्रत्येक शेडची रंगसंगती आपापली. एकाच वर्गाची दोन इंजिनं दोन रंगांत दिसायची आणि वेगळ्या वर्गांची एकाच रंगात.

एवढ्याशा चाकावरून एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झालंय आणि आल्को इंजिनं भंगारात चालली आहेत. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला उद्या डब्ल्यूडीजी-३ए दिसेल ती फोटोत किंवा कुणाच्या तरी टेबलावर. तिथे चुकीची बोगी असेल, तर त्याच्यासाठी खरी बोगी कधी नव्हतीच.

म्हणून पहिली दोन मॉडेलं मी शेजारी-शेजारी ठेवली आहेत. तिसरं परत खोक्यात गेलंय. नव्या आवृत्तीत मधलं चाक जागेवर आलं, तर मी पुन्हा पैसे मोजीन.