‘तुंबाड’ : वारशाने उतरणारी हाव

भयपट म्हटला की अचानक उठणारी किंकाळी आपण गृहीत धरतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात भय हळूहळू मुरत जाते. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातला न थांबणारा पाऊस आणि ओला, अंधारा वाडा आधी मनात घर करतो. राक्षस नंतर येतो.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. हस्तर शेवटपर्यंत तसाच भुकेला राहतो. बदलत जातो तो विनायक. कणकेच्या बाहुलीत हस्तरला गुंतवून सोन्याची नाणी पळवणे हाच त्याचा धंदा होतो. सोहम शाह यांनी हा बदल संयमाने दाखवला आहे.

शिक्षक म्हणून मला सर्वांत भेसूर वाटली ती मुलाची तालीम. नंदुरबारसारख्या गावात मुलगा बापाच्या दुकानावर बसूनच व्यवहार शिकतो. पांडुरंगही तसाच शिकतो, आणि बापापेक्षा मोठी चोरी सुचवतो. उर्दूत जिला ‘हिर्स’ म्हणतात, ती इथे वारशाने उतरते. ना होंग-जिन यांच्या ‘द वेलिंग’ (२०१६) या कोरियन भयपटातला बाप संशयाने खचतो, हा हावेने.

विनायकच्या पत्नीला पटकथेने फारच थोडी जागा दिली, ही उणीव जाणवते. तरीही २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर चित्रपटाला पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले, याचे नवल वाटत नाही. प्रमाणपत्र प्रौढांचे आहे. मुलांना झोपवून पालकांनी तो अवश्य पाहावा. शेवटी पांडुरंग काय नाकारतो, ते त्यांच्यासाठीच आहे.