'श्वास'मधले आजोबा

कौटुंबिक चित्रपट म्हटला की आपल्याकडे प्रेक्षक दोनच अपेक्षा घेऊन बसतो : पोट दुखेपर्यंत हसायचे, नाहीतर पदर ओला होईपर्यंत रडायचे. संदीप सावंत यांचा 'श्वास' या दोन्ही पंगतींत बसत नाही. २००४ साली तो प्रदर्शित झाला आणि त्याला सुवर्णकमळ मिळाले. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला राष्ट्रीय मान मिळवला होता. तो मराठीकडे परत यायला पन्नास वर्षे लागली. पुढे भारतातर्फे 'श्वास' ऑस्करसाठी गेला, तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. हे सारे वाचकांना ठाऊक असेलच. परंतु मानसन्मानांचा गजर झाला की खुद्द कलाकृती बाजूला पडते, आणि म्हणून तिच्याकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहावेसे वाटते.

माधवी घारपुरे यांच्या कथेवरून घेतलेली ही गोष्ट अगदी लहान आहे. कोकणातले एक आजोबा परशुराम नावाच्या नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. डॉक्टर साने निदान करतात : डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील. इतकेच. यात खलनायक नाही, सासू नाही, इस्टेटीचे भांडण नाही, एखादे गाणेही नाही.

मग चित्रपट उभा कशावर राहतो? माझ्या मते तो एकाच प्रश्नावर उभा आहे : हे त्या पोराला सांगायचे कोणी? शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला सत्य कळले पाहिजे असा इस्पितळाचा नियम आहे, आणि रुग्ण तर दुसरी-तिसरीतल्या मुलाएवढा! आपल्या घरांत असल्या वेळी मुलाला बाहेर खेळायला पाठवतात व दार लोटून कुजबुजतात. मी शाळामास्तर आहे; मला इतके ठाऊक आहे की दाराबाहेरच्या पोराला बहुतेक सारे आधीच कळलेले असते. त्याला कळत नाही ते एवढेच, की मोठी माणसे आपल्याशी खोटे का बोलत आहेत. अश्विन चितळेने पर्शा रंगवताना हे नेमके हेरले आहे. त्याचा पर्शा गोजिरवाणे बाहुले नव्हे. तो हट्ट करतो, चिडतो, आणि सगळ्यांचे चेहरे वाचतो. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच.

अरुण नलावडे यांच्या आजोबांविषयी काय लिहावे! आमच्या वसई-विरारकडे कोकणातून येऊन राहिलेली घरे पुष्कळ. गावाहून आलेल्या म्हाताऱ्याला घेऊन, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून, पहाटेच्या लोकलने मुंबईच्या मोठ्या इस्पितळांकडे निघालेली माणसे आम्ही नित्य पाहतो. नलावडे यांनी तो म्हातारा अचूक उचलला आहे. डॉक्टरपुढे खुर्चीच्या कडेवर बसणे, न कळलेल्या शब्दालाही मान डोलावणे आणि बाहेर येऊन भिंतीला टेकणे, हे सारे त्या माणसाचेच आहे. ते मोठ्याने रडत नाहीत, म्हणूनच प्रेक्षकाचा घसा दाटतो.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात. मुलाला पळवून न्यायचे त्यांच्या मनात नसते. डोळे आहेत तोवर त्याने जग पाहून घ्यावे, एवढीच त्यांची धडपड. शास्त्राच्या दृष्टीने हा बेजबाबदारपणा, आणि डॉक्टरांचा संतापही खराच; संदीप कुलकर्णी यांनी तो कोठेही खोटा होऊ दिलेला नाही. तथापि डॉक्टर देऊ शकत नाही असे काही या अडाणी म्हाताऱ्याने दिले, हेही तितकेच खरे. दिग्दर्शक दोघांपैकी कोणालाच हरवत नाही. मला या चित्रपटाचे मोठेपण येथे दिसते.

दोष नाहीत असे नाही. मूल हरवल्यावरची धावपळ जरा लांबली आहे. वार्ताहर मंडळी एकाच रंगात रंगवली आहेत. समाजसेविका आसावरी (अमृता सुभाष यांनी ती जिव्हाळ्याने उभी केली आहे) कधी कधी आपल्याला आधीच उमगलेले शब्दांत सांगते. परंतु भास्कर चंदावरकरांचे संगीत योग्य वेळी गप्प राहते, आणि तेवढ्याने पुष्कळ सांभाळले जाते.

शेवटी पर्शा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. पाणी तेच, किनारा तोच, माणसेही तीच. आता त्याला ती आवाजाने ओळखायची आहेत. 'श्वास' हे नाव तेथे कळते. डोळे गेले, पण श्वास राहिला, आणि ज्याचा श्वास राहिला त्याला घर आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा वाटला, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. हा रोग लवकर सापडला तर जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

फराळाची ताटे बाजूला सारून हा चित्रपट घरातल्या आजोबांना आणि नातवंडांना एकत्र बसवून पाहावा. मध्येच एखादे पोर विचारील, "आता त्याला सांगणार कोण?" तेव्हा मात्र त्याला गप्प बसवू नये.