पंचनाम्याबाहेरचे मूल

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे पत्नी आणि चार मुलांसह गेले. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. त्या चार मुलांनी तर काहीच ठरवले नव्हते. पण ‘शेतकरी आत्महत्या’ या शब्दांत त्यांना जागाच नाही. आपल्या बहुतेक लेखनानेही हीच चौकट पाळली. आधी कर्ता पुरुष, मग त्याची विधवा. २०१९च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, तेव्हा कुठे ती मंचावर आली. मूल अजून बापाच्या फोटोशेजारी उभेच आहे.

शासनाची नजर साहित्याहून वेगळी नाही. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा पाहून प्रकरण पात्र की अपात्र ठरते. पात्र असेल तर एक लाख. २०१५मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, आशाताई घरोघर उदासी हेरू लागल्या. हे मोलाचेच, पण तो शेतकऱ्यासाठी बेतलेला. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे, २०२२पासून टेलिमानसचा १४४१६ क्रमांकही आहे. मात्र दोन्हीकडे आधी कुणीतरी पाऊल उचलायला हवे. वर्गात गप्प झालेले बारा वर्षांचे पोर ते उचलेल? अशा पोराला आमच्याकडे ‘समजदार झाला’ म्हणतात!

पंचनाम्याच्या दिवशीच घरातल्या मुलांची नावे शाळेला आणि उपकेंद्राला कळवावीत, पात्र-अपात्र न पाहता. आणि तेरवीचे पाहुणे परतले की, त्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्याशी बोलायला जावे.