हात पुसणारा आरोपी

अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की पुढेमागे ज्युरी ड्यूटीचे पत्र घरी येते. कामाचा दिवस बुडणार म्हणून आपण कुरकुरतो. पण फौजदारी खटल्यात खरोखरच निवड झाली, तर कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवायचा हे आपल्याला ठरवावे लागते. अशा वेळी न्यायाधीशांनीच ‘हा माणूस मला खोटारडा वाटतो’ असे सांगितले तर?

या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३ साली दिलेला ‘क्वेर्सिया विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा निकाल आजही मुळातून वाचावा असा आहे. अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीने स्वतः साक्ष दिली होती. ज्युरीला शेवटच्या सूचना देताना न्यायाधीशांनी सांगितले की, हा बोलताना हात पुसत होता आणि ते जवळजवळ नेहमीच खोटे बोलण्याचे लक्षण असते. सरकारी पुराव्याशी जुळते तेवढे सोडून त्याचा शब्दन् शब्द खोटा आहे, असेही ते म्हणाले. वर पुस्ती जोडली, की हे माझे मत आहे, तुमच्यावर बंधनकारक नाही. ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले.

सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. सरन्यायाधीश ह्यूज यांचा युक्तिवाद असा, की न्यायाधीशांनी पुराव्याची चिरफाड करावी, त्यावर मतही द्यावे. पण त्याचा विपर्यास करू नये आणि त्यात स्वतःची भर घालू नये. हात पुसणारा खोटे बोलतो, असे त्या खटल्यात कुणीही शपथेवर सांगितले नव्हते. न्यायाधीश स्वतःच साक्षीदार झाले, आणि या साक्षीदाराची उलटतपासणी कोणता वकील घेणार? ‘बंधनकारक नाही’ एवढे म्हटल्याने ही चूक सुधारत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

इथवर निकाल पटतो. खटकते ते हे, की मत देण्याचा दरवाजा त्याने उघडाच ठेवला. भर घातली की नाही, हे वरचे न्यायालय कागदावर तपासते. पण आवाजातली धार, उंचावलेली भुवई, एखाद्या नावापाशी घेतलेला सुस्कारा कागदावर उतरत नाही. ज्युरीला मात्र ते दिसते आणि ऐकू येते.

राज्यांनी आपापला मार्ग निवडला. वॉशिंग्टन राज्याच्या घटनेने न्यायाधीशांना वस्तुस्थितीवर भाष्य करायला साफ मनाई केली आहे. कॅलिफोर्नियाच्या घटनेने साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवरही बोलण्याची मुभा दिली आहे. सिअ‍ॅटलच्या आणि सॅन होजेच्या मराठी माणसाला त्यामुळे दोन वेगळे नियम लागू होतात.

मुभेच्या बाजूचा युक्तिवाद असा, की आयुष्यभर साक्षी ऐकलेल्या माणसाला गप्प का बसवायचे? पण हात पुसण्याबद्दलचा तो ठाम समज त्या अनुभवातूनच आला होता. आणि अनुभव कुणाचा, कुठल्या लोकांना पाहून आलेला, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. आपली एखादी मावशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी आहे असे समजा. वडीलधाऱ्या माणसापुढे नजर खाली ठेवायची सवय असल्याने ती न्यायाधीशांकडे पाहत नाही. होकार देतानाही वाक्य ‘नाही, म्हणजे...’ असे सुरू करते. ‘तुम्ही तिथे गेला नव्हतात ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणते, म्हणजे ‘हो, गेले नव्हते’. इंग्रजीत तेच उत्तर उलट ऐकू येते. दुभाषा शब्द सावरेल; पण ‘ही बाई नजर चुकवते’ असे न्यायाधीश म्हणाले, तर मावशीची बाजू कोण सावरणार?

भारतात ज्युरी होती तेव्हा न्यायाधीशाला दुसरीही वाट होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. अशा वेळी मतभेदाची कारणे लिहून द्यावी लागत, त्यामुळे त्यांवर दोन्ही बाजूंना वाद घालता येई. अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटले की प्रकरण संपते. म्हणून ज्युरीचे मत वळवू पाहणाऱ्या न्यायाधीशाला निकालाआधीच बोलावे लागते, आणि त्याच बोलण्याचा धोका सर्वांत जास्त.

मला वॉशिंग्टनचा नियम बरा वाटतो. साक्षीदाराला घटना नीट दिसली होती का, निकालात त्याचा काही स्वार्थ आहे का, त्याचे म्हणणे इतर पुराव्याशी जुळते का, हे मोजमाप न्यायाधीशांनी ज्युरीला जरूर द्यावे. ते पोलिसालाही लागू पडते आणि आरोपीलाही. त्याने मोजून कोण खोटा ठरतो, हे मात्र ज्युरीच्या बंद खोलीतच ठरू द्यावे.