ठोकळ्यांची भाषा आणि अमूर्तीकरण
चित्ररूप ठोकळे जोडून संगणकाला आज्ञा देण्याची सोय 'स्क्रॅच'ने (२००७) सुलभ केली, हे निर्विवाद होय. परंतु आज्ञा डोळ्यांना दिसणे आणि कार्याचा आशय नेमका मांडता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. वाशीम जिल्ह्यातील शेतकरी हरभऱ्याला पाणी देण्यापूर्वी "ओल पुरेशी आहे काय?" एवढेच पाहतो; माती व पिकाची अवस्था त्या एका प्रश्नात सामावलेली असते. हेच अमूर्तीकरण. स्क्रॅचच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१९) स्वतः घडविलेला ठोकळा काम करतो, पण उत्तर देत नाही. ते निराळ्या चलात साठवावे लागते. 'स्नॅप'मध्ये मात्र उत्तर देणारा ठोकळा घडविता येतो. ज्या साधनात आज्ञेला नाव देता येते, पण प्रश्नाला नाही, ते सुबोध असूनही अपुरेच म्हणावे लागते.