शापाची कथा आणि शिक्षकाचें चरित्र

लिस्बन शहरांत बेन्फिका या फुटबॉल-संघाच्या मैदानावर एका वृद्ध गृहस्थाचा पुतळा २०१४ सालीं बसविण्यांत आला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक चषक आहे. हा बेला गुटमान. जन्मानें हंगेरियन, धर्मानें ज्यू आणि धंद्यानें फुटबॉलचा शिक्षक. बेन्फिकास त्यानें १९६१ व १९६२ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपियन चषक जिंकून दिला. नंतर पैशावरून चालकांशीं त्याचें बिनसलें, आणि शंभर वर्षें हा संघ पुन्हां युरोपचा विजेता होणार नाहीं असा शाप देऊन तो चालता झाला, अशी कथा आहे. पुढें १९६३ पासून २०१४ पर्यंत बेन्फिका युरोपांतील आठ अंतिम सामने खेळला आणि आठही हरला. १९९० सालचा सामना व्हिएन्नांत होता व गुटमानची कबरही त्याच शहरांत. तेव्हां संघाचा जुना थोर खेळाडू युसेबिओ त्या कबरीपाशीं जाऊन प्रार्थना करून आला. संघ एका गोलानें हरलाच.

कथा रंगतदार आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिनें एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या कामाचा घांस घेतला आहे, ही आमची तक्रार आहे. गुटमानचें नांव निघालें कीं शाप निघतो, आणि शाप निघाला कीं बाकीचें बोलणेंच खुंटतें. शिवाय ती कथा आपल्या आपण उभी राहत नाहीं. शाप देणारा म्हणून जो प्रसिद्ध आहे तोच १९६५ सालीं पुन्हां बेन्फिकाचा शिक्षक होऊन आला! दुर्वासानें शाप दिल्यावर शापितांच्याच घरीं पगारावर राहिल्याचें उदाहरण आम्हांस तरी कोणत्याही पुराणांत आढळलेलें नाहीं.

गुटमानचा जन्म १८९९ सालीं बुडापेस्ट येथें झाला. आईबाप नृत्यशिक्षक, स्वतः त्यानेंही सोळाव्या वर्षीं नृत्य शिकविण्याची सनद मिळविली होती. पायाची ती जाण मैदानावर उपयोगी पडली असावी. एम.टी.के. या संघांतून खेळून त्यानें दोनदां हंगेरीचें अजिंक्यपद पाहिलें. परंतु पहिल्या महायुद्धानंतरची हंगेरी ज्यू माणसास राहण्याजोगी उरली नव्हती. १९२० सालीं तर विद्यापीठांतील ज्यूंची संख्या कायद्यानें मर्यादित करण्यांत आली. गुटमान व्हिएन्नास गेला आणि हाकोआ या संघांत शिरला. हाकोआ म्हणजे हिब्रू भाषेंत बळ. सारे ज्यू खेळाडू असलेल्या या संघानें १९२५ सालीं ऑस्ट्रियाचें अजिंक्यपद जिंकलें. पुढच्याच वर्षीं हा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हां गुटमान न्यूयॉर्कलाच राहिला. तेथें खेळला, पैसा मिळविला, आणि १९२९ च्या शेअरबाजारांतील कोसळण्यांत तो घालवून बसला.

स्वभावाचा एक नमुना येथेंच सांगून टाकूं. १९२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकसाठीं हंगेरीचा संघ गेला, त्यांत खेळाडूंपेक्षां अधिकाऱ्यांचाच भरणा अधिक होता, आणि उतरण्याची जागा गजबजाटाची व उंदरांची. गुटमाननें मेलेले उंदीर अधिकाऱ्यांच्या दारांस टांगून आपला निषेध नोंदविला, असें सांगतात. त्यानंतर हंगेरीच्या संघांत तो पुन्हां दिसला नाहीं.

१९३३ पासून तो शिक्षक झाला. प्रथम हाकोआंत, मग हॉलंडांत, मग पुन्हां हाकोआंत. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळली आणि हाकोआ संघच नाहींसा केला. गुटमान बुडापेस्टला परतला व उय्पेश्ट संघास त्यानें १९३९ सालीं हंगेरीचें अजिंक्यपद व मध्य युरोपांतील प्रतिष्ठेचा मिट्रोपा चषक हीं दोन्ही मिळवून दिलीं. मग चरित्रांत सहा वर्षांचा खड्डा पडतो.

१९६४ सालीं गुटमानची जीवनकथा जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाली. तींत करारमदार आहेत, भांडणें आहेत, विजयांचीं वर्णनें आहेत. परंतु युद्धाच्या वर्षांविषयीं, त्यावर पुष्कळ पुस्तकें झालीं आहेत, वाचकांस आणखी त्रास कशाला, अशा अर्थाच्या दोनतीन वाक्यांपलीकडे कांहीं नाहीं. युद्धाच्या काळांत तो स्वित्झर्लंडांत होता असेंच कैक वर्षें छापलें जात असे. इंग्रज लेखक डेव्हिड बोल्चोव्हर यांनीं २०१७ सालच्या आपल्या चरित्रग्रंथांत हा खड्डा भरून काढला. १९४४ सालीं गुटमान उय्पेश्ट येथें आपल्या पत्नीच्या भावाच्या घराच्या माळ्यावर लपून होता. हा मेहुणा केशकर्तनाचा धंदा करी, आणि तो ज्यू नव्हता. पुढें गुटमान सक्तमजुरीच्या छावणींत सांपडला. डिसेंबरांत तेथून खिडकीवाटे उडी टाकून पळाला. पळणाऱ्यांत त्याचा सोबती एर्नो एर्बस्टाइन होता. हाच एर्बस्टाइन पुढें तोरिनोच्या विख्यात संघाचा शिक्षक झाला व १९४९ सालीं सुपेर्गा टेकडीवरील विमान-अपघातांत त्या संघासह मेला. गुटमानचे वडील व बहीण नाझींच्या हातून मारलीं गेलीं.

आत्मचरित्र वाचतांना लेखक काय सांगतो याइतकेंच तो कोठें गप्प बसतो हें पाहावें लागतें, असें आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांस सांगत आलों आहों. त्याचें इतकें ढळढळीत उदाहरण आमच्या वाचनांत थोडेंच आलें असेल.

युद्धानंतरची भ्रमंती या मौनाच्या उजेडांत वाचावयाची. १९४६ सालीं बुखारेस्ट येथील च्योकानुल संघांत त्यानें पगार नोटांऐवजीं भाजीपाल्याच्या व धान्याच्या रूपानें मागितला. आपल्याकडील बलुतेदारासारखाच हा व्यवहार. नाण्यास किंमत नव्हती, बटाट्यास होती. संघांत कोणास घ्यावें यांत एक चालक ढवळाढवळ करूं लागतांच तो तेथून निघाला. किश्पेश्टला असतांना १९४८ सालीं एका दांडगाईनें खेळणाऱ्या खेळाडूस मध्यंतरानंतर मैदानांत उतरूं नकोस असें त्यानें सांगितलें. बदली खेळाडू घेण्याची त्या काळीं सोय नसल्यानें दहाच गडी उरले असते. तरुण कर्णधार पुश्काश यानें त्या खेळाडूस उलट सांगितलें, आणि तो उतरला. गुटमान प्रेक्षकांत जाऊन बसला, घोड्यांच्या शर्यतींचें पत्र वाचीत राहिला, व ट्रॅम धरून घरीं गेला तो परतलाच नाहीं, अशी आख्यायिका आहे. १९५५ सालीं मिलान संघानें तर गुणांच्या तक्त्यांत पहिल्या क्रमांकावर असतांना त्याला काढलें. संघ अग्रस्थानीं असतांना शिक्षकास काढतां येणार नाहीं, असें कलम तो त्यानंतर करारांत घालून घेई म्हणतात.

या वागण्याचे दोन अर्थ लावले गेले आहेत. जुना अर्थ असा, कीं माणूस हलक्या कानाचा नसला तरी हलक्या डोक्याचा व पैशाचा लोभी होता. नवा अर्थ असा, कीं जो माळ्यावर लपला त्याला कोणतेंच घर आपलें वाटेना. दुसरा अर्थ उदार आहे. परंतु सरसकट लावला तर तोही पहिल्याइतकाच आळशी ठरतो. मेलेले उंदीर टांगणारा गुटमान छावणीच्या वीस वर्षें आधींचा आहे! संकटानें त्याचा स्वभाव घडविला नाहीं. संकटानें त्याला इतकेंच शिकविलें असावें, कीं चालकांची कृपा ही वस्तु कागदावर लिहून घेतल्यावांचून तिचा भरंवसा नाहीं. त्याचीं बहुतेक भांडणें बारकाईनें पाहिलीं तर ठरलेल्या मोबदल्याचीं किंवा संघ निवडण्याच्या अधिकाराचीं दिसतात. बेन्फिकाचेंही तसेंच. पोर्तुगालचें अजिंक्यपद जिंकल्याबद्दल जें बक्षीस मिळे त्याहून युरोपियन चषकाचें कमी, अशी त्याची तक्रार होती. तो हिशेब मागत होता. लोकांनीं त्याचा शाप केला.

त्याच्या विद्येविषयीं मात्र त्याच्या भक्तांनीं थोडें आवरतें घ्यावें. १९५७ सालीं ब्राझिलमध्यें साओ पाउलो संघास त्यानें प्रांताचें अजिंक्यपद मिळवून दिलें. आणि १९५८ च्या विश्वचषकांत ब्राझिलनें चार-दोन-चार अशी मांडणी वापरली, म्हणून ती हंगेरीहून गुटमाननेंच नेली असें सांगण्यांत येतें. ब्राझिलमधील शिक्षक त्या दिशेनें स्वतःच वाटचाल करीत होते. गुटमाननें त्यांस बळ दिलें, इतकें म्हणणें रास्त होईल.

पोर्तुगालमधील काम मात्र निर्विवाद त्याचें. १९५९ सालीं पोर्टो संघास त्यानें अजिंक्यपद मिळवून दिलें, तें बेन्फिकाहून एका गोलाच्या फरकानें. आणि लगोलग तो त्याच बेन्फिकास जाऊन मिळाला! पोर्टोकरांस काय वाटलें असेल तें सांगावयास नको. साओ पाउलोंतील त्याचा जुना परिचित बावर यानें केशकर्तनालयांतील गप्पांत मोझांबिकमधील एका पोराचें नांव काढलें आणि गुटमाननें तें उचललें, तोच युसेबिओ. १९६२ च्या मे महिन्यांत अॅम्स्टरडॅम येथें रेआल माद्रिदनें मध्यंतरापर्यंत तीन गोल केले होते, तिन्ही पुश्काशचे. सामना बेन्फिकानें पांच विरुद्ध तीन असा जिंकला. शेवटचे दोन गोल युसेबिओचे. चौदा वर्षांपूर्वीं ज्या कर्णधारानें शिक्षकाचा शब्द मोडला होता तो त्या दिवशीं समोरच्या बाजूस होता.

मराठी वाचकांस येथें एक गोष्ट खटकल्यावांचून राहणार नाहीं. बेन्फिकाच्या या दोन चषकांच्या मधोमध, १९६१ च्या डिसेंबरांत, गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. मोझांबिकच्या युसेबिओस व कोलुना यास जी राजवट आपले पोर्तुगीज म्हणून मिरवीत होती, तीच गोव्यास आपला सागरापलीकडील प्रांत म्हणत असे. गुटमानचा याच्याशीं संबंध इतकाच, कीं त्यानें खेळाडूचा पाय पाहिला, मुलूख पाहिला नाहीं.

तिसरें वर्ष शिक्षकास घातक असतें, हें त्याचें सर्वांत प्रसिद्ध मत. त्यानें बहुतेक ठिकाणीं तें येण्यापूर्वींच पाय काढला, त्यामुळें मताची परीक्षा क्वचितच झाली. बेन्फिकांत ती झाली, आणि निकाल दुहेरी लागला. तिसऱ्या वर्षीं संघ युरोपांत पहिला व घरच्या स्पर्धेंत तिसरा आला. पहिल्या वर्षीं नेहमीं आणि तिसऱ्या वर्षीं कधींच नाहीं, अशी शिकवण आमच्या धंद्यांत कोणी खपवून घेणार नाहीं. ती त्याची उणीव होती. त्यानें वादळें उठविलीं, एकही शाळा उभी केली नाहीं.

माँटेव्हिडिओच्या पेन्यारोल संघाहून व ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाहून फिरून तो १९६५ सालीं बेन्फिकांत परतला, तेव्हां तर पहिल्या वर्षाची जादूही चालली नाहीं. १९६६ च्या मार्चमध्यें लिस्बनमध्येंच मँचेस्टर युनायटेडनें बेन्फिकाचा पांच विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. अजिंक्यपदही स्पोर्टिंगकडे गेलें. पुढचा प्रवास जिनीव्हा, अथेन्स व पुन्हां पोर्टो असा १९७४ पर्यंत रेंगाळला. १९८१ सालीं तो व्हिएन्नांत वारला, जेथून हाकोआ पुसून टाकण्यांत आली होती त्या शहरांत.

मराठींत या गृहस्थाचें चरित्र कोणी लिहावयास घेईल तर त्यास आमची एकच सूचना आहे. माळ्याचें प्रकरण आधीं लिहावें, कराराचीं प्रकरणें त्याच्या पाठोपाठ घालावीं, आणि शापास शेवटच्या पानावर, जागा उरलीच तर, चार ओळी द्याव्यात.